मागच्या चाकाचा खडखडाट

दादा,

बाबांची पिकअप मी गॅरेजला नेली आहे, शोधत बसू नकोस. मागचं चाक ठोकून सरळ करू म्हणतोस, पण मिस्त्रींनी काल साफ सांगितलं, "ताई, रिमला तडा गेलाय. भरल्या गाडीत दगा देईल." चारही चाकं बदलून आणते.

बाबांना जाऊन वर्ष झालं, तरी ते चाक गल्लीत खडखडलं की आई त्यांचं ताट घ्यायला उठते. खरं सांगू? माझीही नजर दाराकडे जाते.

संध्याकाळी गाडी आवाज न करता येईल. तेव्हा आईजवळ बस. "हे अजून कसे आले नाहीत?" असं ती विचारेल. खरं काय ते तूच सांग. माझ्याने होणार नाही.

— छोटी