दादाला काहीही देत नाही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा हिंदी-मराठी मिळून दोनशे चौदा चित्रपटांत किरकोळ कामे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला निरखून विचारले, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय का हो?" पाहिले असणारच. मी स्वतः अठ्ठावीस वेळा डॉक्टर झालो आणि माझा एकही रुग्ण वाचलेला नाही.

स्टुडिओत मला 'वनटेक' म्हणतात. त्यात कौतुक कमी आहे. माझ्यावर दुसऱ्या टेकची फिल्म कोणी वाया घालवत नसे.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव बायकोला. खरे तर दोन्ही तिच्याच शाळेच्या पगारातून झाले, मी नुसता नाव लावून बसलो. तिच्या पश्चात सगळे मुलीला. बाथरूमची कडी आधी वर उचलून मग ओढायची, हे जावईबापूंना कोणीतरी नीट समजावावे. ते दोनदा आत अडकले आहेत.

कलम दोन. स्वतःचे कपडे घेऊन येणाऱ्या नटाला आमच्यात आधी बोलावणे येते. त्यामुळे माझ्या कपाटात डॉक्टरचा कोट, इन्स्पेक्टरची वर्दी आणि न्यायाधीशाचा गाऊन आहे. त्यातला गाऊन, हा मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंना द्यावा, त्यांचा कोपरावर विरलाय. बाकीचे कपडेपटातल्या मावशींना.

कलम तीन. माझे रडण्याचे एकमेव दृश्य कापून तिथे धावता घोडा टाकणाऱ्या दिग्दर्शकाला मी माफ केले आहे. तरी अंत्ययात्रेत त्याला शेवटी चालवावे. घोडा मात्र झकास धावला होता.

कलम चार. माझ्या थोरल्या भावाला मी काहीही देत नाही.

याचे कारण लिहिणे भाग आहे. सव्वीस वर्षांपूर्वी एका सेटवर नायकाच्या दिवंगत वडिलांचा फोटो आणायला कलाविभाग विसरला. दिग्दर्शक ओरडत होता, माझे घर दोन गल्ल्यांवर. मी धावत जाऊन आमच्या बाबांची फ्रेम आणली आणि भिंतीवर टांगली. बाबा तेव्हा ठणठणीत होते, रोज तळ्यापर्यंत चालत जात. चित्रपटात नायक त्यांच्यासमोर सूड घ्यायची शपथ घेतो. पडद्यावर बाबा माझ्यापेक्षा जास्त वेळ दिसले.

चित्रपट लागला त्या आठवड्यात दादा जिन्यातच गाठून म्हणाला, "जिवंत बापाला मेलेला दाखवलंस? लाज नाही वाटली?" पाच महिन्यांनी बाबा गेले. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. बाबांना काय वाटले हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि ते मला आजही खाते.

वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. आणि साक्षीदारानं तुम्हाला सही करताना प्रत्यक्ष बघायला हवं." तेव्हाच मी ठरवले. दादा, तुला छदामही देत नाही तो एवढ्यासाठी. समोर बस आणि माझ्याकडे बघ. मला तू हवा आहेस.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल. दिनांक: सतरा फेब्रुवारी, दुपार.

सही: वनटेक

साक्षीदार पहिला: तीस वर्षे माझ्या तोंडाला रंग लावणारा मेकअपमन. यालाही काही मिळणार नाही. म्हणाला, "बरं झालं, घरात जागा नाही."

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. शेरा त्याच्याच हातचा:

माझ्यासमोर सही केली. सही याचीच आहे. आता कलम चारबद्दल. बाबांनी तुझ्यावर चिडावं म्हणून मीच त्यांना तो पिक्चर दाखवायला नेलं होतं. ते चिडले नाहीत, त्याचाच मला राग आला, आणि तो मी तुझ्यावर काढला. मध्यंतरात ते शेजारच्या माणसाला सांगत होते, "भिंतीवरचा तो मीच. धाकट्यानं काम मिळवून दिलं."