वक्री बुधातली एकांकिका

२४ एप्रिल १९७१, मुलुंड
एकांकिका स्पर्धेचा फॉर्म दिला. लेखिका म्हणून माझं नाव, पहिल्यांदाच. घाई मामंजींची. "सूनबाई, अठ्ठावीसपासून बुध वक्री. मग सही नाही, नवं काम नाही." मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पंचांग हे वाचून दाखवतात, अर्थ मामंजी सांगतात.

२९ एप्रिल
वक्री सुरू. मामंजी म्हणतात, आता जुनंच उकरायचं, दुरुस्त करायचं. बरं. एकांकिका पुन्हा काढली. शेवट भिकार. आई घर सोडून निघते, मुलं रडतात, आई थांबते. का थांबते?

६ मे
सुचलं! आई थांबतच नाही. जाते, आणि चहाची वेळ होईपर्यंत कुणाला पत्ताच नाही. पिठाच्या हातानेच लिहून काढलं. पोळ्या करपल्या, हे मुकाट जेवले. मामंजींना म्हटलं, बुध पावला. खूष.

९ मे
कुसुमच्या गच्चीवर तालीम. शाळेतली मैत्रीण, दिग्दर्शन तिचंच. "अगं, हे आधी का नाही लिहिलंस? झकास झालंय यार." अंगात वारं शिरलंय नुसतं. शेजारीण विचारते, लॉटरी लागली का...

१८ मे
वाट लागली. मामंजींना नवा चष्मा आला, पंचांग हातात घेतलं, तर ते गेल्या वर्षीचं. नवं पाडव्याला पूजा करून देवघराच्या फळीवर ठेवलं, ते तिथंच. हे आपले खिळ्यावरचं जुनं वाचत बसले. यंदा बुध एप्रिलच्या सुरुवातीलाच वक्री झाला, मे लागताच सरळ. म्हणजे सही ऐन वक्रीत. आणि शेवट सुचला तेव्हा बुध सरळ चालत होता. मामंजी: "नाव काढून घे. पुढच्या वर्षी बघू." परवा प्रयोग आहे. रात्री मामंजी आणि मी, दोघंही जेवलो नाही.

१९ मे
सकाळी चहा देताना सांगून टाकलं, नाव काढणार नाही. आवाज चढला असावा. मामंजींनी चष्मा पुसला. मग, "तो शेवट वाच बघू." उभ्यानेच वाचला. कप खाली ठेवून म्हणाले, "तुझी सासू अशी गेली असती, तर मलाही चहालाच कळलं असतं."
मी वही मिटली.
"उद्या येतो मी. पण आता एका अक्षराला हात लावू नकोस." हो म्हटलं.
आत्ता भाजी चिरताना वाटतंय, आई जाताना चहाचं आधण ठेवून गेली तर? कुसुमकडे निघालेय.