कानावर आलेले केस

बाबा, गेले आठ दिवस मी कोरगावात आहे. छपराला गळती लागली म्हणून ताईने बोलावून घेतलं, आणि कामाची माणसं वर ठोकाठोक करत असतात तेव्हा मी खाली तुमच्या दुकानात बसून असतो. तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली तरी आरसे लख्ख आहेत, ते ताईचं काम. दोन आरसे समोरासमोर, मध्ये तुमची लोखंडी खुर्ची. तिच्यात मी अजून बसलेलो नाही. मागच्या बाकड्यावर गिऱ्हाइकासारखा टेकतो. मग आरशात माझ्यामागे दहा-बारा मी दिसतात आणि त्यातला एखादा मान जरा उशिराने वळवतो असं वाटतं. हे ताईला सांगितलेलं नाही. ती आधीच म्हणते की जगभर भटकून तुझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

ही खुर्ची तुम्ही म्हापशाहून टेम्पोत घालून आणलीत तेव्हा मी दुसरीत होतो. त्याआधी आजोबा धोपटी काखेत मारून वाड्यावाड्यांत फिरायचे. कात्री, वस्तरा, वाटी, सगळं त्या एका चामड्याच्या पिशवीत. लोकांच्या अंगणात उकिडवं बसून डोकी करायची आणि वर्षाकाठी भात घ्यायचं. तुम्ही ती धोपटी खुंटीला टांगलीत ती कायमची. रोज दुकान उघडलं की पहिली उदबत्ती देवाला आणि दुसरी खुर्चीला ओवाळायचात. मी हातात कात्री धरायला लागलो तेव्हा माझ्यामागे उभे राहून कोपराला दोन बोटं लावायचात. ‘कोपर सकल,’ म्हणजे खाली घे. एवढंच शिकवणं. कधी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही, पण तुमची ती दोन बोटं आठवतात.

मग हरमलच्या किनाऱ्यावर थंडी काढायला आलेले फॉरेनर भाड्याच्या स्कूटरी घेऊन दाढी करायला आपल्याकडे यायला लागले. त्यातला तो हॉलंडचा उंच माणूस तासन्‌तास तुमचा हात बघत बसायचा. तो स्वतः केस कापत जग फिरत होता. पोचेल त्या गावात कुठल्यातरी अंगणात बादली पालथी घालायची, त्यावर माणसं बसवायची, आणि पुढच्या बसपुरतं जमलं की उठायचं. एकदा तुम्ही त्याला एक डोकं करायला दिलंत. तो गेल्यावर तुम्ही वाकून ते खालीवर झालेले केस सारखे करत म्हणालात, ‘हेका शेरडां कातरूक धाड.’ ज्याचं डोकं होतं तोही हसला. मी हसत होतो, पण मनात म्हणत होतो, एवढ्या वाईट हाताला जग पुरतंय, तर माझ्या हाताला का नाही पुरणार?

मीही तसाच केस कापत फिरणार हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझी बिनपाण्याने केलीत. ‘तुजो आजो दारोदार फिरलो. घरात कोणी घेतल्यान नाय तेका. मी ही खुर्ची हाडलंय, ती लोकांनी माज्याकडे येवंक व्हया म्हणान. आनी तू परत धोपटी घेवन भायर पडतस?’ गावातली पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडच्या गोदामात कामाला लागतात, तसा जा, डोक्यावर छप्पर तरी असेल, असंही म्हणालात. नंतर पंधरा दिवस एक शब्द नाही. निघायच्या दिवशी मी चहा पीत असताना शिंप्याकडून शिवून घेतलेलं नवं पांढरं कापड माझ्या सॅकवर ठेवलंत, गळ्याला नाडी लावलेलं. ‘आवळू नको. एक बोट जाय इतकी जागा ठेव.’ आणि दुकान उघडायला निघून गेलात. ती परवानगी होती की नव्हती हे मी विचारायला थांबलो नाही, कारण मला परवानगीच ऐकायची होती.

आणि खरंच पुरलं, बाबा. व्हिएतनाममध्ये रस्त्याकडेला, तुर्कस्तानात कोळ्यांच्या धक्क्यावर, स्पेनमध्ये ऑलिव्ह तोडायला आलेल्या मजुरांच्या तळावर. कुठे हॉस्टेलवाल्याच्या घरच्या सगळ्यांची डोकी केली की आठवडाभर खाट मिळायची, कुठे जेवण, कुठे ट्रकमध्ये पुढची जागा. मशीन पेट्रोल पंपावर चार्ज करायची, बसायला मिळेल ते, कधी बिअरचा क्रेट, कधी बागेतलं बाकडं. एक सांगतो, माणूस कुठलाही असो, केस कापायला बसला की मान खाली घालतो आणि थोड्या वेळाने घरचं बोलायला लागतो. भाषा कळत नाही, पण घरचं चाललंय एवढं कळतं. आणि रोज, एकदा तरी, माझ्या कोपराला दोन बोटं लागायची. मी पटकन कोपर खाली घ्यायचो. एका बाईने विचारलं, कोणाला उत्तर देतोयस? मी ‘होय बाबा’ असं मोठ्याने म्हणालो होतो. तुम्ही तेव्हा इथे धडधाकट होता, म्हणून मला त्याची भीती वाटली नाही.

तो फोन आला तेव्हा मी जॉर्जियात होतो, डोंगरातल्या एका गावात. हॉस्टेलच्या मालकाचा म्हातारा बाप माझ्यापुढे स्टुलावर बसलेला, गळ्याला तुमचं कापड, केस ओले केलेले. तुमचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान बंद आहे हे ताईने कळवलं होतं. तुम्ही स्वतःहून फोन कधी करत नव्हता. तुम्ही विचारलंत, ‘खंय आसस?’ मी सांगितलं. ‘थंय थंडी?’ हां, म्हटलं. ‘माजे केस वाडले रे. कानार इले.’ मी म्हटलं, समोर बेळगाववाल्याचं सलून आहे की, त्याच्याकडे जा. ‘तेच्या हातात मी मान देवचंय नाय. तू येशीत तेवा काप.’ मी म्हटलं, दोन महिन्यांनी येतो, आत्ता गिऱ्हाईक बसलंय. ‘घाय नाय,’ तुम्ही म्हणालात. ‘केसच ते, वाडतले.’ मग मी त्या म्हाताऱ्याचे केस कापले. तासभर लावला. दाढी केली, कानातले केस काढले, मान चोळून दिली. त्याने माझ्या हाताचा मुका घेतला. जे तुमच्या वाट्याचं होतं ते सगळं मी त्या दिवशी त्याला देऊन बसलो.

महिना उलटायच्या आत तुम्ही गेलात. मी चौथ्या दिवशी पोचलो तेव्हा अस्थीही सावडून झाल्या होत्या. दहाव्याला माझं डोकं करायला बेळगाववालाच आला. बारा वर्षं रस्त्यापलीकडे दुकान लावून बसलेला माणूस, आणि तुम्ही त्याला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. मी अंगणात पाटावर बसलो. तो माझं डोकं भिजवत म्हणाला, ‘न्यायच्या आदी शेवटची दाढी मीच केली त्यास्नी. केसबी कापले. पाणी कोमट घेतलं. गार पाण्याचा राग हुता त्यास्नी.’ मी विचारलं, तुला कसं ठाऊक? ‘बारा वर्सं समोरनं बघतोय की.’ थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘त्याआधी एकदा आलते माझ्याकडं. पायरी कधी चढले नव्हते, त्या दिवशी चढले. मला वाटलं, केस कापाय आले. तर म्हणाले, मोबाइलात जॉर्जिया दाखव. दाखवलं. मग इचारलं, म्हाताऱ्या माणसाला तितं जायाला किती दिवस लागतील? मी म्हटलं, पासपोर्ट लागतोय. हां म्हणाले आन्‌ गेले.’ वस्तरा डोक्यावर होता म्हणून मला हलता आलं नाही. ज्या माणसाने लोकांनी आपल्याकडे यावं म्हणून खुर्ची आणली, तो माझ्याकडे यायला निघाला होता.

तेराव्याचं आटोपलं आणि पंधराव्या दिवशी मी पुन्हा विमानात होतो. लोकांना वाटलं, दुःख झेपत नाही म्हणून पळाला. तसंच समजू दे म्हटलं. पण त्या दिवसापासून कोपराला लागणारी बोटं थांबली. कोपर कितीही वर जाऊ दे, कोणी काही म्हणत नाही. मोरोक्कोत एका पोरगेल्या सैनिकाचे काळेभोर केस कापून कापड झटकलं तर त्यावर पांढरे केस होते. लांब, तुमच्यासारखे जाड. मी कापड उकळत्या पाण्यात धुतलं. पुढच्या गावात पुन्हा तेच. आता ताई म्हणते, तुझेच असतील, चाळिशी आली तुझी. असतील. पण माझे केस एवढे लांब कधीच नव्हते.

आणि भर दुपारी कुठे डुलकी लागली की तुम्ही येता. पाठमोरे बसलेले असता. पहिल्या वर्षी केस मानेवर होते, मग खांद्यावर, मग पाठभर. रागावलेले नसता, वळून बघत नाही, नुसते बसलेले असता. मी कात्री शोधत असतो आणि मला ती सापडत नाही. काल या बाकड्यावर डोळा लागला तेव्हा तुमचे केस खुर्चीवरून खाली जमिनीवर आले होते आणि मला पाय ठेवायला जागा नव्हती. वर ठोकण्याचा आवाज झाला आणि मी जागा झालो. बाहेर येऊन बघितलं तर बेळगाववाला त्याच्या दारात उभा होता. ‘चहा सांगू?’ एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं.

ताई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ‘तेका बिचाऱ्याक काय म्हायत? बाबान केस वाडले म्हणान फोन केल्लो.’ नऊ वर्षं मी तिचं ते बोलणं खोडलेलं नाही. मीही सगळ्यांना तसंच सांगत आलो, इतकं की मधली काही वर्षं मला ते खरं वाटायचं. म्हणून हे लिहिलेले कागद तिच्या हाती लागता कामा नयेत. छपराचं काम संपलं की चुलीत घालीन. पण तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही ‘घाय नाय’ म्हणालात तेव्हाच, फोन कानाला असतानाच, मला कळलं होतं की तुम्ही केसांचं बोलत नाही आहात. जन्मात तुम्ही कोणाला ‘ये’ म्हणाला नव्हता आणि त्या दिवशी मला म्हणालात. मी ते ऐकलं, मला समजलं, आणि मी दोन महिने सांगितले, कारण तुमच्या डोक्यावर एकदा हात ठेवला असता तर मी पुन्हा निघालो नसतो.