एका डब्यातले रविवार

आइंडहोव्हन
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सारंग यास,
अनेक आशीर्वाद.

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भावाला टपालाने पत्र पाठवणारी बहीण तुला विक्षिप्त वाटेल. वाटू दे. फोनवर तू "ताई, ऐक ना" म्हणतोस आणि मी ऐकत बसते. आज तू ऐक.

पुण्याला बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. काळा चष्मा लावून गच्चीत बसतात, शेजारी म्हणतात हिरो आला. आईने तुझ्यासाठी मेतकूट दिलंय. ते अजून माझ्याकडेच आहे.

आपल्या नेमबाजी क्लबच्या सभेचा मेल पुण्याहून परतल्यावर वाचला. इतकी वर्षं मैदानाचे रविवार वाटून घ्यायच्या सोडतीला चिठ्ठ्यांचे दोन डबे असायचे, एक धनुष्यवाल्यांचा, एक रायफलवाल्यांचा. निम्मे रविवार तुमचे, निम्मे आमचे, कारण गोळ्या सुटत असताना त्या मैदानावर आम्हाला पाऊल ठेवता येत नाही. आता डबा एकच, माणशी एक चिठ्ठी. तुम्ही पोत्याने, आम्ही मूठभर. सोडत झालीसुद्धा. मार्चपर्यंत आमच्या वाट्याला एकच रविवार आलाय. बाकी बुधवारच्या संध्याकाळी, दिवे लावून.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. माणशी एक चिठ्ठी हाच खरा न्याय. शिवाय या देशात बाणाने शिकार करायला बंदी, म्हणजे आमचा आपला खेळ. तुम्हाला मात्र हंगामाआधी नेम पक्का करायला हवा. "जखमी हरीण पळून गेलं तर पाप कुणाला, ताई?" असं तू विचारलं होतंस. तू रायफलकडे गेलास तेव्हा मी तुला अडवलं नाही. धनुष्य धरायला मी शिकवलं म्हणून जन्मभर तेच धर, असं थोडंच आहे?

तुझं मत तू हवं तिथे द्यायचंस. पण माझं?

पुण्याला निघताना मी बॅगा बांधत होते आणि तू माझ्या बदली मत द्यायचा कागद पुढे केलास. "इथे सही कर, तुझ्या वतीने मी हात वर करीन." कुठल्या बाजूने, ते मी विचारलं नाही. सख्ख्या भावाला विचारतात का असं?

काल आमच्या गटातल्या म्हाताऱ्या विमने कॉफी पिता पिता सांगितलं, "तुझ्या भावाने दोन्ही हात वर केले." रागाने नाही. ही माणसं सभेत भांडतात आणि लगेच एकमेकांपुढे बिस्किटं धरतात. तुमच्यातलेही कितीतरी जण विरोधात होते म्हणे. ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने पास झाला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

मी मैदानासाठी रडत नाहीये, हे तुला ठाऊक आहे. सलोनी तिच्या बाबाकडे, अजितकडे, उइटहॉर्नला राहायला गेली तेव्हापासून ती शनिवारी इथे यायची ती रविवार सकाळच्या धनुष्यासाठी. माझ्यासाठी नाही. घरात डच नाहीतर इंग्रजी, तेही कानातले इअरफोन न काढता. मैदानावर मात्र दोरी ताणून विचारायची, "आई, कोपर वर?" मराठीत. आठवडाभर मी तेवढ्यावर काढायचे. बुधवारी संध्याकाळी तिला इतक्या लांब यायला जमत नाही, दुसऱ्या दिवशी शाळा असते. गेले दोन शनिवार ती आली नाही. "आता यायची गरज नाही ना," असा डचमध्ये मेसेज आला.

हे दुःख मी एका माणसापाशी बोलले होते, तुझ्यापाशी. तरी तुझा दुसरा हात वर गेला. फार लागलं रे मला ते.

भाऊबीजेला सलोनी येणार आहे, अजितने कबूल केलंय. तूही ये. परवा फोनवर तिने विचारलं, "सारंगमामा व्होटेड फॉर अस, राइट?" मी हो म्हणाले. तिला मामा एकच आहे.

ओवाळीन. मेतकूटही देईन. पण ताटावर तिने पुन्हा विचारलं, तर उत्तर तुझं तू दे. तुझ्या वतीने मी पुन्हा बोलणार नाही.

तुझी ताई,
हे नातं काही मतदानाला टाकता येत नाही म्हणून,
भार्गवी