शांतेच्या छातीतील किरण

भाद्रपद शु. ९, सोमवार
सकाळी शांता देवघरासमोर बसली ती उठेना. श्वास लागलेला, ओठ काळेनिळे. दशलक्षण पर्वाच्या तिच्या दहा उपवासांचा आज पाचवा दिवस. दुपारी एकदा उकळलेले पाणी, एवढेच. मुलगा महावीर याने गाडी काढली. अतिदक्षता विभाग, पलंग चार.

डॉक्टर आमच्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने मुठीत मावेल एवढे यंत्र शां.च्या बरगड्यांवर टेकवले. मी पाहत राहिलो, तेव्हा तेथील मावशी (हुपरीच्या) म्हणाल्या, "पावणं, सोनोग्राफी म्हंजे बाळच बघत्यात असं न्हाई. आता छातीबी बघत्यात."

काळ्या पडद्यावर वर एक उजळ रेषा, श्वासासरशी मागेपुढे सरकणारी. तिच्यापासून खाली शुभ्र किरण उतरत होते. मला ते सुंदर वाटले, हे लिहून ठेवतो.

"आजोबा, ह्या उभ्या रेघा दिसत्यात न्हवं? हे पाणी. दोन्ही फुप्फुसांत. बीपी पण लई चढलंय. उपवासात हृदयाच्या गोळ्या चालू होत्या ना?"

मी म्हणालो, "होत्या."

महावीर तेव्हा खाली गाडी लावत होता. त्याने ऐकले नाही.

"गोळ्या चालू असताना एवढं पाणी? मग हृदयाच्या नळ्यांतच काहीतरी अडलेलं असणार. उद्या बाराला अँजिओग्राफी करू. त्यात सोडतात तो रंग मूत्रपिंडाला जड जातो, पण इलाज न्हाई."

आज पर्वातील पाचवे लक्षण, उत्तम सत्य. सायंकाळी बस्तीत, जिनमंदिरात, त्यावर माझे शास्त्रवाचन होते. येऊ शकत नाही, असा निरोप धाडला. कारण विचारले, तेव्हा आजार सांगितला. तेही अर्धेच.

शु. १०, मंगळवार
तोंडावर घट्ट मुखवटा, त्यातून यंत्राचा वारा. बोलता येत नाही. मला पाहून तिने हात जोडले. मला.

गेल्या बुधवारची बस्ती डोळ्यांपुढून जात नाही. उपवासाचे नियम घ्यायला स्त्रिया बसलेल्या. शांतेने सर्वांसमक्ष विचारले, "अहो, रोजच्या गोळ्या घेतल्या तर उपवास मोडतो का?" मी म्हणालो, "मोडतो." ती म्हणाली, "मग नको." मागून कोणीतरी म्हणाले, "पंडितांच्या घरचं काम, पक्कंच असायचं." एवढ्यावर ते संपले.

व्रत घेतानाच औषधाची मोकळीक ठेवता येते. आजाऱ्याने ती ठेवावीच. मी हे कित्येक वर्षे शिकवत आलो आहे. त्या दिवशी का नाही, याचे कारण मला

अकरा वाजता डॉक्टर पुन्हा यंत्र घेऊन आली. किरण विरळ झाले होते. "इंजेक्शन एकदम लागू पडलंय की! जणू औषध आठवडाभर बघितलंच न्हवतं छातीनं." आणि माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहिले. पाऊण तासाने शां.ला खाली नेणार होते.

सांगितले. गोळ्या बंद होत्या. पाच दिवस. माझ्या शब्दावरून.

डॉक्टर रागावेल असे वाटले होते. यंत्र पुसत म्हणाली, "छातीनं काल सांगितलं होतं, आजोबा. मीच तिचं सोडून तुमचं ऐकलं." मग तिने फोन केला आणि अँजिओग्राफी थांबवली.

मावशी पलीकडे चादर बदलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शु. ११, बुधवार
पहाटे बस्तीत गेलो. मूर्तीमागचे पितळी भामंडळ, त्यातून चहूकडे निघालेले किरण. पन्नास वर्षे त्याकडे पाहून मन निवत आले. आज पाहवेना. डोळे मिटले तर तेच किरण काळ्यावर पांढरे. दर्शन अपुरे टाकून निघालो.

दुपारी मुखवटा काढला. मावशींनी गोळी पुढे केली, तर शांतेने ओठ मिटून घेतले. "पावणं, तुमीच सांगा की त्यास्नी. आमचं कोन ऐकतंय!"

शांतेने माझ्याकडे पाहिले. आवाज फाटलेला. "मोडतो ना हो?"

मी म्हणालो, "मोडत नाही. औषधाची मोकळीक असते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

ती गोळी घेऊन पाणी प्यायली आणि भिंतीकडे वळली. महावीर दारात उभा होता. सर्व ऐकले. म्हणाला, "अण्णा, तुम्ही घरी जाऊन पडा जरा." इतक्या हळू तो माझ्याशी कधी बोलत नाही.

शु. १४, शनिवार
शां. साध्या कक्षात. दोन घास मऊ भात. मावशींशी बोलते, सुनेशी बोलते. मला विचारते ते एवढेच, "जेवलात का?"

मंगळवारचे अर्धे वाक्य पुरे करतो. बायका ऐकत होत्या. पंडिताच्या पत्नीनेच सवलत मागितली असे त्यांनी म्हणू नये, म्हणून मी मोकळीक सांगितली नाही. शास्त्राचा यात काही संबंध नव्हता.

लिहून हलके वाटेल असे वाटले होते.

वद्य १, सोमवार. क्षमावाणी
शांतेने उशीला टेकून दिसेल त्याची हात जोडून क्षमा मागितली. मुलगा, सून, डॉक्टर. मावशी लाजल्या. "अगं बया, माझी कशापायी? मीच गोळ्या गिळाया लावतीया तुमास्नी!"

दरवर्षी ती पहिली क्षमा माझी मागते. आज मी शेवटी उरलो. म्हणून मीच हात जोडले आणि वर्षभराच्या कळत-नकळत दोषांचे ते नेहमीचे वाक्य सुरू केले.

तिने हात वर करून थांबवले. "नकळत नव्हे. आणि हे तर सगळ्यांशी म्हणायचं असतं. तुमचं तेवढं सांगा."

तेवढ्यात डॉक्टर यंत्र घेऊन आली. "आजोबा, दहा मिनिटं बाहेर थांबा. डावीकडं खाली एक रेघ राहिलीय, तेवढी बघते." पडदा ओढला.

बाहेर बाकावर बसून हे लिहीत आहे. आतून डॉक्टरचा आवाज येतो, "श्वास घ्या, आजी. सोडा. अजून एकदा." प्रत्येक वेळी माझाही श्वास तिथवर जाऊन थांबतो.

जे वहीत लिहिता आले ते तोंडाने म्हणायचे आहे. पहिला शब्दही जुळलेला नाही. पडद्याच्या कड्या सरकल्या.