बोडीवरचे तीन भैयालाल

५ जानेवारी
हिमांशूभाऊ नागपूरहून आला आणि जेवता जेवता निकाल देऊन मोकळा झाला. "दुर्गेश्वरी, होळीपर्यंत पाहू, मग दुकान विकून टाकू. सारे गिऱ्हाईक बाबाच्या डोक्यात होते. आता कोणाले विचारशील?"

बाबा समोरच खाटेवर होते. अर्धांगाने त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. कान गेलेले नाहीत! आईचा फोन डाव्या हातात धरून कुस्त्या पाहत राहिले.

तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग केलं आणि वहीत एक नाव लिहिलं नाही. सगळं तोंडपाठ. आठ वर्षं मी शेजारी बसून तांब्याची तार गुंडाळतेय, ते भाऊला दिसत नाही.

नाही विकू देणार. मी लिहून काढते.

९ जानेवारी
भाऊने गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर पाठवलं. फार शहाणं. त्याला आडनाव पाहिजे, पिनकोड पाहिजे, ईमेल पाहिजे! आमच्या गावात भैयालाल कापगते तीन. इथे माणूस ओळखायचा तो ज्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी त्याच्या धानाला जातं त्या बोडीवरून. सॉफ्टवेअरला बोडी कळत नाही. त्याने तिघांचा एक भैयालाल केला आणि वर हिरवी खूण दाखवली.

मग मी आंब्याच्या बोडीवरच्या भैयालालची मोटर फुटक्या बोडीवरच्याला पोचवून आले. त्यानेही गुपचूप ठेवून घेतली. परत आणायला गेले तर म्हणतो, "तू देऊन राहिली त मी नाई कायले म्हणू?"

१२ जानेवारी
सॉफ्टवेअर काढून टाकलं.

कॉलेजात असताना मेंदीच्या डिझाइनचा ब्लॉग केला होता. तो अजून चालू आहे, वर मेंदीच्या हाताचा फोटोही तसाच! एका गिऱ्हाइकाची एक पोस्ट. लेबल म्हणजे बोडीचं नाव. 'फुटकी बोडी' दाबलं की तिच्या काठचे सगळे हजर. मोटर कधी आली, काय जळलं, ते खाली कॉमेंटमध्ये — तारीख आपोआप पडते. पहिली पोस्ट दुकानाचीच टाकली. मालक — उदाराम, म्हणजे बाबा.

आईच्या फोनवरही लावून दिला, गिऱ्हाइकाचा फोन आला तर तिला बघता यावं. भाऊला फोटो पाठवला. "मेंदीच्या हाताखाली मोटरी? काय खेळ लावून राहिली?"

खेळ तर खेळ.

१९ जानेवारी
एकशे चार झाले. बोटं दुखतात.

२३ जानेवारी
पोस्टखाली कोणीतरी लिहून जातंय. नाव नाही. "कवडूची मोटर पाच एचपीची नाही. तीनची." दुसरीखाली — "याचा स्टार्टर आधी पहा." दोन्ही खरं निघालं, म्हणून जास्तच झोंबलं. भाऊच कोणाला तरी चुका काढायला बसवत असणार. खाली लिहिलं, हिंमत असेल तर नाव टाका.



२७ जानेवारी
कवडू फोन पुढे धरूनच दुकानात शिरला. त्याच्या पोस्टवर मी लिहिलं होतं, 'बोलतो गोड. मोटरची तार उलटी जोडतो आणि दोष आपल्याला देतो.' मला वाटायचं हे मी आणि आईच पाहतो. ब्लॉग तो! वर्षानुवर्षं सगळ्या जगाला उघडा.

"सुनेले मेंदी पाहाची होती," तो म्हणाला. "मेंदीखाली सासरा निंगाला."

लाजेने कानशिलं तापली. पण माफी नाही मागितली. म्हटलं, "खोटं असंल त सांगा, आत्ता खोडते."

त्याने फोन खिशात घातला. "उलटी एकदाच जोडली होती." स्टुलावर बसला. "आता माह्या भावाची मोटर बी लिहून घे."

त्या कॉमेंटांचं विचारलं. "मले लिवता येते काय?"

संध्याकाळी ब्लॉगला कुलूप लावलं. आता फक्त दोन फोनांवर दिसेल, माझ्या आणि आईच्या, आणि कॉमेंट टाकणाऱ्याचं नावही पडेल.

१ फेब्रुवारी
भाऊ दुकान घेणाऱ्यालाच सोबत घेऊन आला. होळीपर्यंतही धीर धरवला नाही त्याला! मी घरालाच लागून असलेल्या दुकानाच्या शटरसमोर उभी राहिले. म्हटलं, एकशे एकेचाळीस गिऱ्हाईक आहेत, बोडीसकट, मोटरीसकट. आणि मालक बाबा आहेत. त्यांनी सांगावं.

"बाबा काय सांगन आता?" भाऊ म्हणाला.

आतल्या खाटेवर बाबांनी तोंड भिंतीकडे केलं आणि पुन्हा फोन उचलला. मला भाऊपेक्षा त्यांचाच राग आला. आज जेवले नाही.

२ फेब्रुवारी
सकाळी पहिल्या पोस्टखाली, दुकानाच्या, नवी कॉमेंट पडली. नाव — पुष्पाबाई, म्हणजे आईचं. आई तर तेव्हा माझ्यासमोर भांडी घासत होती.

"मालकाचं नाव चुकलं. दुर्गेश्वरी लिही."