मशेरीची डबी

प्रिय तानीबाय,

आधी दीपाची समजूत काढ. तुझी सोनेरी डबी तुझ्या सुनेनं घेतलेली नाही, मी चोरली. बारशाच्या दिवशी तू दारात बायकांना नारळ देत होतीस, तेव्हा खिडकीतून उचलली आणि पिशवीत सुक्या बोंबलांच्या पुडीखाली दडवली. काल दीपाचा रडत फोन आला, "मावशी, मी त्या डबीला हातसुदा लावत नाय वो, मला वासच सोसत नाय, आनि आई म्हनतात मीच फेकली." नातीचं बारसं जेवून आठवडा झाला नाही तोवर सुनेवर आळ! मी फोनवर बोलले असते तर तू "रेंज नाय" म्हणून ठेवून दिला असतास, ठाऊक आहे मला. म्हणून लिहिते. तुझा विपुल इथल्या कंपनीतून सुटला की हे पत्र आणि सोबतची पुरचुंडी तुला आणून देईल. पुरचुंडी नंतर सोड. आधी चष्मा लाव आणि वाच.

शी! अगं, काय ती डबी! मी बोईसरला नांदते. इथं वारा फिरला की कंपन्यांचा असा भपकारा येतो की पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आम्ही खुशाल जेवत असतो. त्याआधीचं आयुष्य शिरगावला सुकटाच्या वासात गेलं. असं माझं नाक, पण झाकण उघडलं आणि तेही हरलं. बिजागरीत मशेरी घट्ट बसलेली. कडेला तुझ्या ओल्या बोटानं तिचा काळा चिखल झालेला, आणि त्या चिखलात चिकटलेलं माशाचं खवलं. मी डबी हातभर लांब धरली. आमचे हे म्हणाले, "कचऱ्यात टाक नि हात धू." मी टाकली नाही.

तुला राग येईल, येऊ दे. लहानपणापासून मला तुझं सगळं आवडलं, ही मशेरी सोडून. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका लावणारी खाट उठवायची, त्याच तव्यावर संध्याकाळी भाकरी. दात घासून झाले की ते बोट दाराच्या चौकटीला पुसायचं. तुझ्या घराची चौकट कमरेएवढ्या उंचीवर तपकिरी झाली आहे, पाहिलीस कधी? पलंगाखाली तो रेती घातलेला थुंकायचा डबा. मासळी विकताना गिऱ्हाइकाशी बोलायचं तेही ओठ मिटून, पिंक सांभाळत. बारशाच्या दिवशी नातीला घेतलंस, तर तिच्या पांढऱ्या अंगड्यावर तुझं बोट उमटलं. दीपा गुपचूप आत जाऊन अंगडं बदलून आली. तिच्या जागी मी असते तर पलीकडच्या माहीमच्या बंदरापर्यंत ऐकू गेलं असतं.

आणि ही डबी कोणती, ते तरी आठव. मारुतीमामा बोटीवर नोकरीला होता, त्यानं तुझ्या लग्नात आणलेली. झाकणावर गुलाब, आत गुलाबी पावडर, मऊ कापसाची गादी आणि गोल आरसा. अख्ख्या शिरगावात कुणाकडे असली वस्तू नव्हती. मी परकरातली पोर, मला तू नुसता वास घेऊ द्यायचीस, हात लावला की चापट. लग्नानंतर टोपली घेऊन पालघरच्या बाजारात जायचीस तेव्हासुद्धा पावडर लावून. तुझी सासू करवादली, तर तू तोंडावर सांगितलंस, "मावरं इकनारीनं त्वांड रंगवू नये असं कुटं लिवलंय?" गिऱ्हाईक नसलं की डबी उघडून आरशात बघत बसायचीस. बाजू बदलून बदलून. स्वतःवर एवढी खूश असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मला तुझा फार हेवा वाटायचा.

मग विपुल झाला, तुझे दात ठणकायला लागले, आणि त्याच सासूनं तुला मशेरी लावायला शिकवलं. दात दुखायचे थांबले, मशेरी थांबली नाही. पावडर संपली तेव्हा तिच्या जागी तू हा काळा भुगा भरलास. मामा होता तोवर त्याच्यासमोर डबी पदराखाली घ्यायचीस, एवढी तरी लाज होती.

बारशाला तू जेवली नाहीस. कोळंबीचं कालवण तूच केलेलं, वास गल्लीभर, आणि स्वतः पानात ताक-भात घेऊन बसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "आज माजा उपास हाय." बुधवारी? तू? मावरं असलेल्या दिवशी उपास करणारी तू कधीपासून झालीस? घासही केवढे, पोराला भरवल्यासारखे. तोंड पुरतं उघडतच नव्हतं. पाळण्याशी बायकांनी चेष्टा केली तेव्हा मात्र हसलीस. गालाच्या आत मला पांढरं काही दिसलं. तू लगेच पदर लावलास. मला वाटलं, भाताचं शीत असेल. खरं सांगायचं तर तसं वाटून घेतलं.

घरी येऊन डबी धुवायला घेतली. चिंच लावली, सोड्याच्या पाण्यात टाकली, जुन्या ब्रशनं घासली. मोरीत काळे ओघळ वाहिले, मी नाकाला पदर बांधून शिव्या देत होते तुला. गुलाब वर आला. मग झाकणाच्या आतली बाजू घासायला घेतली, आणि बाय, तिथं आरसा दिसेचना. आरशावर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावली होतीस. कडेला कडा लावून, नीट, एवढासाही तुकडा उघडा न ठेवता. बाकीच्या डबीवर वर्षानुवर्षांचा थर, आणि ही पट्टी कोरी. आत्ताआत्ताची.

म्हणजे गालातलं ते पांढरं तू बघितलं आहेस. माझ्याआधी बघितलं आहेस, आणि पुन्हा दिसू नये म्हणून झाकून ठेवलं आहेस. मशेरी बंद केली नाहीस, आरसा बंद केलास! त्या चिखलाची, खवल्याची, थुंकायच्या डब्याची मिळून आली नसेल एवढी किळस मला त्या स्वच्छ पट्टीची आली. मी मोरीतच बसून राहिले. आमचे हे दारात येऊन म्हणाले, "अगं, जित्याची खोड..." मी एवढ्या जोरात ओरडले की पुढचे शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. ते शब्द तुझ्या बाबतीत या घरात कुणी उच्चारायचे नाहीत.

आता पुरचुंडी सोड. तुझ्या लग्नात मी लहान होते, माझ्या हातून तुला आहेर झाला नव्हता. हा घे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आहे, पण माझ्याकडून एवढंच. मशेरीच्या जागी भाजलेली बडीशेप भरली आहे, कारण तुझं बोट सवयीनं डबीकडे जाणारच. आरसा लख्ख केला आहे. शनिवारी सकाळी मी रिक्षा घेऊन दारात येते. बोईसरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना तुझं नाव सांगून ठेवलं आहे. मला भीती वाटते, तानीबाय, तुला वाटते तेवढीच. म्हणून तू एकटीनं बघू नकोस. डबी घेऊन ये, पावडर लावल्यासारखी छान नेसून ये. रिक्षात मी आरसा धरते, तू तोंड उघड. फक्त तोवर त्यावर पुन्हा पट्टी लावू नकोस.

चापट खाऊनही डबीला हात लावणारी,
तुझीच,
नलू